धाकटा दांडा

ठाटीपूरच्या बंगल्यामागे, सीताफळाखाली,
श्रीखंडेसाहेबांनी ताडपत्री ओढली.
वीस वर्षांची एमपी शून्य सात.
"एका हातची आहे," म्हणाले,
आणि दोन्ही हात खिशात घातले.

मी गुरांची डॉक्टर. बैलाचं वय दातांवरून सांगते,
गाडीचं नाही.
म्हणून सोबत रामसिया मिस्त्री.
तो मालकांशी फारसा बोलत नाही.
पाठीवर झोपून खाली सरकला,
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चासी वाजवत गेला
कलिंगड वाजवावं तशी,
टण्ण, टण्ण, टण्ण,
आणि डाव्या कोपऱ्यात
भद्द.
"यहाँ जंग पी गई है."

बॉनेट. चालू इंजिनावर तेलाचं झाकण काढून
तळहात धरला, हुंगला.
"दम है. थोड़ी खाँसी है."

लसींच्या नोंदींच्या वहीत मी लिहून घेतलं:
स्टिअरिंगला चार बोटं खेळ.
गिअरबॉक्सच्या पोटाखाली थेंब, ताजा.
टायरांची नक्षी नवी, पण कडेवरचे आकडे
सांगतात की रबर म्हातारं झालंय.
एसी फक्त आवाज करतो.
मागचं दार आतूनच उघडतं,
म्हणजे आत कुणीतरी हवं.

मग मोठ्या गिअरशेजारचा धाकटा दांडा.
रामसियानं एक हात लावला. मग दोन.
मग पाय डॅशबोर्डला टेकवून.
ढिम्म.
"साहब, चारों पहिए आख़िरी बार कब लगाए थे?"

साहेबांनी सीताफळाकडे बघितलं.
"घेतली तेव्हा. शोरूमवाल्यानं लावून दाखवलं होतं."

आयुष्यभर सरकारी जीपमधून कालवे तपासले,
निवृत्तीच्या पैशातून ही घेतली,
हरसी धरणापर्यंत जायचं,
डांबर सोडून, कालव्याच्या कडेकडेनं.
मग कांचनताईंचे गुडघे आले.
मग बँक, दवाखाना, लष्करमध्ये मेव्हणीकडे.
एवढ्याला दोन चाकं पुरतात.

"चलने से नहीं बिगड़ी," गाडीखालून आवाज आला,
"खड़े-खड़े बिगड़ी है."

मला घासाघीस जमत नाही.
एक लाख नव्वद, वर जॅक फुकट.

अकरा दिवस हजिऱ्याच्या शेडमध्ये रॉकेल, हातोडी, शिव्या.
चासीला पत्र्याचं ठिगळ, रंग न जुळणारं.
बाराव्या दिवशी दांडा सुटला.

डिसेंबर. अंबाहच्या पुढे बीहड,
धुकं इतकं की बॉनेटचं टोकही उसनं वाटे.
म्हैस अडलेली, गाव घळीच्या पलीकडे,
रात्रीच कुणीतरी शेताला पाणी सोडलेलं
आणि रस्ता म्हणजे साबण.
सकाळी गाडी चौथ्या किल्लीला उठली होती,
काळा धूर ओकत, शेजाऱ्यांच्या नावानं.
आता मी उतरले,
पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवले,
बोटं बधिर,
वर चढून धाकटा दांडा मागे ओढला.
खटक्.

वेग म्हणाल तर
एक बकरी आम्हाला ओलांडून गेली,
वळून बघून गेली.
पण ब्रेकला पाय न लावता ती उतरली,
इंजिन स्वतःला धरून, एकेक दात मोजत,
आणि पलीकडे चढताना तिचा तो जडपणा,
शहरात ज्याला मी रोज कोसते,
मातीत नांगरासारखा रुतून राहिला.

रेडकू उलटं होतं. निघालं.
गूळ मिळाला, आणि बुटांत अर्धा किलो चिखल.
परतताना लिटरला सात.
हिशोबाची वही मी मिटून ठेवली.

रात्री साहेबांना फोन केला.
दांडा लागतो आता, म्हटलं.
पलीकडे टीव्ही बंद झाला.
"आवाज कसा येतो?"

स्वेटर चढवून अंगणात गेले,
फोन दांड्याजवळ धरला.
खटक्.
पुन्हा, म्हणाले.
खटक्.

बराच वेळ नुसता श्वास.
मग, ऑफिसातल्या आवाजात:
"तेल बघत जा. गळतं."